कडुनिंब होता, मग बुरशी का आली?



मागच्या वर्षी हंगामाच्या सणात आपल्या बचत गटाच्या भगिनींनी कोरफड आणि कडुनिंबाचे मलम विकायला ठेवले होते. आपल्यापैकी अनेकांनी ते प्रेमाने घेतले. तीन आठवड्यांनी मंडळीतील एका आजींनी डबी परत आणली. झाकण उघडले तर कडेने काळी बुरशी धरली होती. "बाई, तुम्हीच म्हणालात ना, कडुनिंब आहे, खराब होणार नाही?" असे त्यांनी विचारले.

चूक माझी होती. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर नवापूर तालुक्यातील या गटाला मलम करायला मीच शिकवले. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जावे लागू नये म्हणून हा गट उभा राहिला आहे. त्या भगिनींनी उरलेल्या सगळ्या डब्या फेकल्या आणि ज्यांनी मागितले त्यांचे पैसे परत केले. म्हणून जे मी आधी समजून घ्यायला हवे होते, ते आज आपल्यापुढे मांडते.

जंतूंना वाढायला पाणी लागते. निव्वळ तेलात पाणी नसते, म्हणून करंजाचे किंवा मोहाचे तेल खवट होईल, पण त्याला बुरशी येणार नाही. साबण टिकतो, कारण तो क्षारयुक्त असतो आणि त्यात मोकळे पाणी थोडेच असते. मधही टिकतो, कारण त्यातले पाणी जंतूंच्या वाट्याला येत नाही आणि तो आम्लधर्मी असतो. पण कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. त्यात थोडी साखरही असते. म्हणजे जंतूंना आम्ही पाणी आणि जेवण दोन्ही वाढून ठेवले होते.

मग कडुनिंबाने काय केले? कडुनिंबात जंतूंना रोखणारे गुण आहेत, हे खरेच आहे. लवंगेच्या तेलात युजेनॉल असते, ओव्यात थायमॉल असते. तीही जंतू मारतात. झाड आपले रक्षण करण्यासाठीच ही द्रव्ये तयार करते. पण मलमाच्या डबीत तीन अडचणी येतात. पहिली, कडुनिंबाचे तेल पाण्यात विरघळत नाही. ते तेलाच्या थेंबांत राहते आणि जंतू वाढतात पाण्यात. दुसरी, सगळे जंतू मारण्याइतके लवंगतेल घातले तर त्वचेची आग होते. तिसरी, निंबोळ्या कुठल्या, कधी वेचल्या, कशा वाळवल्या, यावर तेलाचा जोर बदलतो. पावसाच्या तोंडावर भिजलेल्या निंबोळ्या आणि उन्हात नीट वाळलेल्या निंबोळ्या सारख्या नसतात.

आणखी एक गैरसमज. ई जीवनसत्त्व किंवा रोझमेरीचा अर्क घातला की मलम टिकते, असे पुष्कळ जण सांगतात. ही द्रव्ये तेल खवट होण्याचे लांबवतात, पण जंतू मारत नाहीत. ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काची गोष्ट तर सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तो नैसर्गिक टिकाऊ द्रव्य म्हणून विकला जात असे. 1999 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी असे सहा अर्क तपासले. पाचांत कारखान्यात तयार केलेली जंतुनाशके सापडली, आणि ज्या एकात ती नव्हती, त्याने एकही जंतू मारला नाही.

"मग बाई, केमिकल घालायचे का?" असे गटातील एका भगिनीने विचारले. मी तिला लोबानाचे उदाहरण दिले. लोबान हा झाडाचा डिंक. बेंझोइक आम्ल पहिल्यांदा त्यातूनच मिळाले, आणि आज त्याचेच लवण, म्हणजे सोडियम बेंझोएट, सरबताच्या बाटलीवर लिहिलेले असते. झाडातले तेच द्रव्य आता कारखान्यात तयार होते. तेही मिश्रण पुरेसे आंबट असेल तरच काम करते. म्हणजे खरा प्रश्न झाडाचे की कारखान्याचे हा नाही. किती घातले, कशात घातले आणि तपासले का, हा आहे.

तपासणीची रीत ठरलेली आहे. मलमात मुद्दाम ठरावीक जंतू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि 28 दिवस ती मरतात का ते पाहतात. हे प्रयोगशाळेचे काम आहे; डोळ्यांनी पाहून किंवा वास घेऊन कळत नाही. आजींच्या डबीतली बुरशी निदान दिसली. काही जंतू न दिसताच वाढतात, आणि ते डोळ्यात गेले तर दृष्टीलाही धोका होऊ शकतो.

म्हणून गटाने ठरवले आहे की पाण्याचे मलम करायचे नाही. मोहाच्या तेलाचा साबण, करंजतेल आणि मेणाचे घट्ट मलम, आणि कोरडे उटणे, एवढेच करायचे. आपल्या आजी उटणे कोरडेच ठेवत आणि लागेल तेवढेच भिजवत, त्यामागे हेच शहाणपण होते. शिवाय अशा वस्तू विकण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यासाठी अर्ज केला आहे आणि तो हाती येईपर्यंत विक्री थांबवली आहे. त्यामुळे यंदाच्या सणात आमच्या टेबलावर साबण दिसणार नाही; नागली आणि हातसडीचा तांदूळ असेल. तोच घेऊन या भगिनींना हात द्यावा, ही विनंती.

मागच्या वर्षीची डबी अजून कोणाच्या घरी असेल, तर ती वापरू नका. आम्हाला परत द्या. तिचे पैसे गट देणार आहे. आणि घरच्या कुठल्याही मलमात ओले बोट घालू नका. पाणी तेथूनच आत शिरते.