एल्मिनाच्या किल्ल्यातील दोन प्रार्थनागृहे

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. यंदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे गुलाम अमेरिकेत नेले कुठून? आणि नेणारे तर देव मानणारे होते. मग त्यांचा देव काय करत होता?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी नकाशावर पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बोट फिरवून दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधताना त्याच किनाऱ्यावरच्या एका किल्ल्यापाशी येऊन थांबलो. मी तिथे गेलेलो नाही. आराखडे, छायाचित्रे आणि इतिहासाची पुस्तके एवढीच माझी साधने. पण त्या किल्ल्याची रचना समजून घेतली, की आपल्याच समाजाचा आराखडा डोळ्यांसमोर येतो, म्हणून हे लिहितो आहे.

आजच्या घाना देशात समुद्राला लागून एल्मिना नावाचे गाव आहे. जानेवारी १४८२ मध्ये दियोगो द आझांबुजा हा पोर्तुगीज सरदार तिथे उतरला. त्याच्या जहाजांत सैनिक होतेच, पण गवंडी आणि सुतारही होते. घडवलेले दगड आणि चुनाही पोर्तुगालहूनच भरून आणला होता. हेतू होता सोन्याचा. ‘मिना’ म्हणजे खाण. सेंट जॉर्जच्या नावाने उभा राहिलेला हा किल्ला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला युरोपीयांनी बांधलेल्या इमारतींपैकी सर्वांत जुना समजला जातो. पांढऱ्या चुन्याच्या जाड भिंती, खडकात खोदलेले खंदक आणि आत प्रशस्त चौक. त्या चौकात पोर्तुगीजांनी आपले कॅथलिक प्रार्थनागृह बांधले.

१६३७ साली डचांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवून किल्ला घेतला. डच प्रोटेस्टंट होते. कॅथलिकांच्या मूर्ती आणि पूजाविधी त्यांना त्याज्य. जिथे कॅथलिकांनी प्रार्थना केली तिथे ते गुडघे टेकणार नव्हते. पण व्यापारी माणूस भक्कम भिंती पाडत नाही. त्यांनी जुन्या प्रार्थनागृहाचा उपयोग मालासाठी आणि व्यापारासाठी केला, आणि स्वतःसाठी वरच्या मजल्यावर नवे प्रार्थनागृह केले. त्याच्या दारावर बायबलातील १३२ व्या स्तोत्राचे वचन डच भाषेत कोरले. सियोन हे देवाचे कायमचे वसतिस्थान आहे, असा त्याचा आशय.

देवाचे वसतिस्थान वरच्या मजल्यावर, तर तळमजल्यावर काय होते? पूर्वी मालाची कोठारे असलेल्या कमानदार, अंधाऱ्या खोल्यांत आता माणसे कोंडली जात होती. सोन्याचा व्यापार मागे पडून माणसांचा व्यापार वाढला होता. स्त्रियांच्या कोठड्या एका लहान चौकाभोवती होत्या, आणि त्या चौकावर गव्हर्नरच्या निवासाचा सज्जा होता. समुद्राच्या बाजूला एक अरुंद फट. तिच्यातून माणसे एकेक करून होडीत उतरवली जात. मग ब्राझील, सुरिनाम, कॅरिबियन बेटे. ज्यांनी मूर्तींचा विटाळ मानला, त्यांना पायाखालच्या या कोठड्यांचा विटाळ वाटला नाही. देवाचे घर कोठार झाले, कोठार तुरुंग झाले. पण मजल्यांची उतरंड तशीच राहिली.

वाचकांना इथे ‘मूकनायक’ आठवेल. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती: एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. एल्मिनात ही उपमा दगडचुन्यात उभी आहे. फक्त तिथे एका माणसाला वर उचलून घेतले गेले. त्याची हकीकत आपण शिकलेल्यांनी तरी वाचलीच पाहिजे.

त्याचे नाव याकोबस कॅपिटाइन. जन्म १७१७ च्या सुमाराचा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, आणि १७२८ साली एका डच व्यापाऱ्याबरोबर हॉलंडला पोचला. तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला, लॅटिन शिकला, लेडनच्या विद्यापीठात गेला. १७४२ साली त्याने लॅटिन भाषेत प्रबंध सादर केला. विषय काय? गुलामगिरी ख्रिस्ती स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही! स्वातंत्र्य आत्म्याचे असते, देह बंधनात असला तरी बिघडत नाही, असा युक्तिवाद. प्रबंधाचा डच अनुवाद त्याच वर्षी पुन्हा पुन्हा छापला गेला. गुलाम राहिलेल्या काळ्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला मिळणे व्यापाऱ्यांना किती सोयीचे होते! आणि त्याच वर्षी धर्मोपदेशक म्हणून त्याला धाडले ते एल्मिनाच्या किल्ल्यात.

त्याला गद्दार म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पण त्याने एल्मिनात मुलांसाठी शाळा काढली. प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा तिथल्या लोकांच्या भाषेत आणल्या; १७४४ साली त्या छापल्या गेल्या. तिथल्याच एका मुलीशी त्याला लग्न करायचे होते. ती बाप्तिस्मा न झालेली, म्हणून धर्मसत्तेने हरकत घेतली, आणि हॉलंडहून आलेल्या गोऱ्या स्त्रीशी त्याचे लग्न झाले. १७४७ साली, तिशीच्या आसपास, तो कर्जात मेला. वरच्या मजल्याने त्याला बोलायला जागा दिली. काय बोलायचे तेही ठरवून दिले.

मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी लागली त्या वर्षी एका समारंभात मला ‘जिद्द आणि गुणवत्ता’ या विषयावर बोलायला उभे केले. जिद्द असेल तर जात आडवी येत नाही, असे मी बोललो. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर खुर्च्या उचलून झाडू मारायला आलेली बाई आमच्याच वस्तीतली होती. “चांगलं बोललास बाळा,” म्हणाली. ती भाषणभर दाराबाहेर उभी होती. कॅपिटाइनचा प्रबंध वाचताना मला माझे ते भाषण आठवले, आणि त्याला नावे ठेवण्याचे धैर्य झाले नाही.

डचांनी गुलामांचा व्यापार १८१४ साली बंद केला, आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८६३ साली. १८७२ साली किल्ला इंग्रजांकडे गेला. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला. १९७९ पासून हा किल्ला जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे, आणि चौकातले जुने प्रार्थनागृह आता संग्रहालय झाले आहे. ज्यांचे पूर्वज त्या फटीतून बाहेर ढकलले गेले, त्यांचे वंशज समुद्रापलीकडून येऊन आत शिरतात आणि कोठड्यांत उभे राहतात.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचा देव काय करत होता? तो वरच्या मजल्यावर होता, आणि त्याला तिथे ठेवणारी माणसेच होती. कॅथलिक गेले, प्रोटेस्टंट आले, पूजेची रीत बदलली. तळमजला बदलला नाही. १९५६ साली धम्मदीक्षा देताना बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा का घालून दिल्या, हे मला यातून नव्याने कळले. नुसते प्रार्थनागृह बदलून भागत नाही; कोणती उतरंड नाकारतो आहोत, हे स्वच्छ शब्दांत बोलावे लागते.

आपल्यातले काहीजण आज वर पोचले आहेत: वर्गात, कचेरीत, व्यासपीठावर. आपण वर आहोत हा गुन्हा नाही. तिथून आपण कोणता प्रबंध लिहितो, आणि खाली शिडी सोडतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर देवाकडे मागता येणार नाही.