मूलपेशी चिकित्सा आणि शीघ्र मान्यतेचे मोल

पक्षाघात, मधुमेह, स्वमग्नता अशा व्याधींवर मूलपेशी, अर्थात स्टेम सेल चिकित्सा घ्यावी काय, असे विचारणारे रुग्ण जामसारख्या चौफुलीच्या गावीही भेटतात. असाध्य रुग्णास प्रतीक्षा परवडत नाही, म्हणून शीघ्र मान्यता द्यावी, हा युक्तिवाद निराधार नाही. जपानने २०१४ मध्ये तशी तरतूद केली. २०१५ मध्ये ‘हार्टशीट’ या हृद्रोगावरील उपचारास अवघ्या ७ रुग्णांवरील चाचणीच्या आधारे सशर्त मान्यता मिळाली. २०२४ मध्ये मात्र तज्ज्ञ समितीस त्याची परिणामकारकता सिद्ध झालेली आढळली नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता अन्य वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करावयाचा असून त्यासाठी रुग्णाकडून शुल्क घ्यावयाचे नाही.

शास्त्रोक्त औषधांना ग्रंथाधारावर परवाना मिळत असल्याने पुराव्याचा हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. म्हणूनच वैद्य व औषधविक्रेते बंधूंनी रुग्णास दोन प्रश्न शिकवावेत: ही चाचणी कोठे नोंदविली आहे? आणि ती चाचणी असेल, तर पैसे कशाचे?