कामाच्या ताणाची प्रश्नावली: गुणांवर किती विसंबावे?

बर्नआउट म्हणजे कामाच्या दीर्घ ताणातून येणारा थकवा, कामाबद्दलचा अलिप्तपणा आणि ‘आपल्याला जमत नाही’ ही भावना. तो मोजणारी मास्लाक आणि जॅक्सन यांची प्रश्नावली १९८१ साली आली. ती लोकांची सेवा करणाऱ्या व्यवसायांसाठी होती. सर्व व्यवसायांना चालेल अशी आवृत्ती १९९६ साली निघाली.

म्हणजे व्यवसाय बदलला की प्रश्नही बदलावे लागतात. यवत परिसरातील गुऱ्हाळावरच्या कामगाराला ‘थकवा येतो का?’ विचारले, तर तो अंगदुखी सांगेल. मनावरचा ताण ‘डोकं जड झालंय’ अशा शब्दांत येतो.

म्हणून नुसते भाषांतर पुरत नाही. दुसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर करून घेतात, कामगारांना प्रश्नाचा काय अर्थ लागला ते विचारतात, आणि गुण डॉक्टरांच्या तपासणीशी ताडून पाहतात.

मोबाईलवरच्या चाचणीतील गुण म्हणजे निदान नव्हे. गुण कमी आले, तरी दोन आठवडे झोप, भूक किंवा उत्साह गेला असेल तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर लगेच टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.