साखर संपायच्या आत

उत्तर पोर्तुगालमधल्या डोरू नदीच्या खोऱ्यात सप्टेंबर लागला की द्राक्षांची तोडणी सुरू होते. काही मळ्यांवर आजही ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसं मांडीपर्यंतच्या रसात उतरतात आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तासन्‌तास द्राक्षं तुडवतात. या हौदाला तिथे ‘लगार’ म्हणतात. पाहुण्यांना हे दृश्य फार भावतं, पण त्यामागे रसायनशास्त्राची निकड आहे. साध्या लाल वाईनचा रस सालींसकट आठवडाभर किंवा त्याहून जास्त आंबतो, त्यामुळे रंग आणि तुरटपणा सावकाश उतरतो. या खोऱ्यात बनणाऱ्या गोड पोर्ट वाईनला त्यासाठी जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. तेवढ्यात सालीतला रंग निघायला हवा आणि बी तर फुटता कामा नये, कारण बी चिरडली की रस कडू होतो. माणसाच्या मऊ तळव्याला हे दोन्ही साधतं. आता अनेक ठिकाणी यंत्रांचे पाय तेच काम करतात.

एवढी घाई का? यीस्ट द्राक्षरसातली साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. त्याला मोकळं सोडलं, तर साखर जवळजवळ संपेपर्यंत ते थांबत नाही. पोर्ट बनवणारे मात्र साखर निम्मी शिल्लक असतानाच रस काढून घेतात आणि त्यात द्राक्षांपासूनच गाळलेलं, ७७ टक्के अल्कोहोलचं रंगहीन मद्य मिसळतात. प्रमाण साधारण चार भाग रसाला एक भाग. मिश्रणातलं अल्कोहोल एकदम १९ ते २२ टक्क्यांवर जातं, यीस्टच्या पेशींचं आवरण त्यापुढे टिकत नाही आणि किण्वन बंद पडतं. लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर रसात तशीच राहते. यीस्टला ग्लुकोज अधिक आवडतं, म्हणून उरलेल्या साखरेत फ्रुक्टोजचा वाटा मोठा असतो, आणि फ्रुक्टोज चवीला जास्त गोड. पोर्टची गोडी ही अशी द्राक्षाचीच असते.

मिसळलेलं मद्य आणखी एक काम करतं. त्याच्यासोबत थोडं अ‍ॅसिटाल्डिहाइड येतं. ते सालीतल्या रंगद्रव्यांना तुरटपणा देणाऱ्या टॅनिनशी जोडून देतं आणि रंग पक्का होतो. तीन दिवसांत काढलेला रंग पुढे कित्येक दशकं टिकतो, त्याचं एक कारण हे.

सुरुवातीला मद्य घालत ते इंग्लंडपर्यंतच्या समुद्रप्रवासात वाईन बिघडू नये म्हणून. किण्वन मध्येच तोडण्याची रीत नंतर रुळली. मागणी वाढली तशी भेसळही वाढली, आणि १७५६ मध्ये पोर्तुगालचा कर्ता मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल याने डोरूच्या द्राक्षमळ्यांची सीमा आखून दिली. जगातल्या सर्वांत जुन्या आखीव वाईन-प्रदेशांपैकी हा एक आहे.

आता प्रकार. दुकानात नावांची गर्दी दिसते, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: वाईनला किती हवा लागू दिली? रूबी पोर्ट मोठ्या टाक्यांत, हवेपासून जपून ठेवतात. म्हणून ती गडद लाल आणि ताज्या फळांच्या चवीची राहते. व्हिंटेज हा त्याच घराण्यातला राजा. एकाच उत्तम वर्षाची द्राक्षं, दोन-तीन वर्षं पिंपात आणि मग वीस, तीस, चाळीस वर्षं बाटलीत. तळाशी गाळ साचतो, म्हणून ती हलक्या हाताने नितळून घ्यावी लागते.

टॉनी पोर्टची वाट याच्या उलट. ती सुमारे ५५० लिटरच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहते. लाकडातून ऑक्सिजन थेंबाथेंबाने आत येतो, रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून तळाला बसतात आणि लाल रंग विटकरी होत शेवटी मधासारखा दिसतो. वास बदलतो तो तर फारच सुंदर. अक्रोड, सुकं अंजीर, करपवलेली साखर. या गंधात सोटोलोन नावाच्या रेणूचा मोठा हात असतो. वाईन जितकी जुनी, तितका तो जास्त. हाच रेणू आपल्या मेथीदाण्यांना त्यांचा ओळखीचा वास देतो! लेबलवरचे १०, २०, ३०, ४० हे आकडे मात्र एका पिंपाचं वय सांगत नाहीत. वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळून त्या वयाची चव साधलेली असते, आणि ती सरकारी संस्थेचे परीक्षक चाखून मंजूर करतात.

पोर्तुगालचीच मदेरा बेटावरची वाईन आणखी पुढे जाते. भारताकडे निघालेल्या जहाजांत तिची पिंपं चढवली जात. उष्ण कटिबंध ओलांडताना ती तापत, हेलकावे खात, आणि न विकता परतलेली वाईन उलट जास्त चवदार निघे. आता हा प्रवास बेटावरच घडवतात. काही वाईन टाकीत किमान तीन महिने ४५ ते ५० अंश सेल्सिअसला ठेवतात, तर चांगल्या प्रतीची पिंपं उबदार माळ्यांवर वर्षानुवर्षं राहतात. इतकं सोसून झाल्यावर तिला बिघडवायला काही उरतच नाही. उघडलेली बाटलीसुद्धा महिनोन्‌महिने टिकते.

गोव्याच्या दुकानांत ‘पोर्ट वाईन’ म्हणून मिळणारी गोड लाल वाईन ही डोरूची नव्हे. डोरूच्या बाटलीवर ‘पोर्तो’ किंवा ‘पोर्ट’ या नावासोबत पोर्तुगालच्या संस्थेची हमीपट्टी असते, ती पाहून घ्या. पहिल्यांदा चाखणाऱ्याने माझ्या मते दहा वर्षांच्या टॉनीपासून सुरुवात करावी. थोडी गार करून, जेवणानंतर, लहान पेल्यात. तिचं अल्कोहोल साध्या वाईनच्या दीडपट असतं, त्यामुळे पेला लहानच हवा. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलेली टॉनी काही आठवडे चांगली राहते, जुनी व्हिंटेज मात्र उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी.