पाठीवरचा हात



अंध माणसाला रस्ता दाखवणारी कुत्री शिकवून तयार करतात. अमेरिकेतली ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ पासून हे काम करते. जिने, गर्दी, मोटारी, सगळं कुत्रं शिकतं. पण घाणीचं काय? मालकाला दिसत नाही. कुत्रं कुठं बसलं हे कळावं कसं?

तोड साधी आहे. खाणं-पाणी ठरल्या वेळी. मग अंगावरचा कामाचा साज उतरवून, साध्या दोरीवर ठरल्या जागी न्यायचं. रोज एकच शब्द बोलायचा. केलं की लगेच शाबासकी. साज अंगावर असेपर्यंत थांबायचं, हे त्याला हळूहळू उमजतं. मालक पाठीवर हलका हात ठेवतो. पाठ कमानीसारखी वाकली की समजायचं, शी करतंय. पाठीवरून हात शेपटीकडे नेला की जागा सापडते. हातात पिशवी मोज्यासारखी घालायची, उचलायचं, पिशवी उलटी करून गाठ मारायची.

आपल्या खळ्यात कुत्र्यानं घाण केली की आपण काठी उगारतो. काठीनं ते फक्त लपून करायला शिकतं. वेळ, जागा आणि शाबासकी, एवढं सांभाळून बघा. ज्याला दिसत नाही तो रस्ता स्वच्छ ठेवतो. आपल्याला तर दोन डोळे आहेत.

– ऊस विकास अधिकारी