आधी प्रश्न, मग उतारा!

उतारा आधी वाचायचा, हे शाळेपासून अंगात मुरलेलं. जीमॅटला तीच सवय नडली! व्हर्बलमध्ये ४५ मिनिटांत २३ प्रश्न. मी उतारे घोळवत बसलो आणि शेवटचे पाच डोळे मिटून क्लिक केले. फी गेली, वर एक रजाही. (बॉसना ‘ताप’ सांगितलेला!)

आता फंडा बदललाय. क्रिटिकल रीझनिंगमध्ये आधी प्रश्नाची जातकुळी ओळखायची. समजा, विधान असं: ‘ऑफिसात नवं कॉफी मशीन आलं, कामं वेळेत होऊ लागली, म्हणजे कमाल कॉफीचीच.’ युक्तिवाद दुबळा करायचाय? दुसरं कारण शोधा: त्याच आठवड्यात दोन नवी माणसं आली होती. बळकट करायचाय? मशीन बंद पडताच कामं पुन्हा रखडली. गृहीतक हवंय? पर्याय उलटा करून बघा. युक्तिवाद कोसळला, की तेच उत्तर. निष्कर्ष विचारलाय? मग पदरचं काही घालू नका. दिलेल्या माहितीतून निघायलाच हवं, तेवढंच घ्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा. या वेळी रजा खरं कारण सांगून मागितली. बॉस म्हणाले, ‘‘म्हणजे नोकरी सोडणार?’’

निष्कर्षाचा प्रश्न. लगेच ओळखला. उत्तर मात्र अजून दिलेलं नाही!