पाणी तळाला, माणसे काठावर

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी, फँटम रँच नावाचे एक लहानसे मुक्कामाचे ठिकाण आहे. १९२२ साली मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंच्या आराखड्याप्रमाणे तिथल्या दगडी-लाकडी खोल्या उभ्या राहिल्या. तिथे मोटार जात नाही. पायी उतरावे, खेचरावर बसावे किंवा कोलोरॅडो नदीतून तराफ्याने यावे. १९३०च्या दशकात, महामंदीमुळे बेकार झालेल्या तरुणांना काम मिळावे म्हणून सरकारने जी पथके उभारली, त्यांतल्या मुलांनी या ठिकाणी पोहण्याचा तलाव बांधला. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या दरीत दिवसभर चालून आलेल्या माणसाला तो तलाव कसा वाटत असेल, याची कल्पना करता येते. १९७२ साली तो बुजवून टाकण्यात आला. दरीत उतरणाऱ्यांची गर्दी वाढली होती आणि तलाव आरोग्याच्या कसोटीला उतरेल असा राखण्याचा व्याप झेपेनासा झाला होता.

माझी सगळी नोकरी डोंगराळ तालुक्यांतल्या नळयोजनांवर गेली. त्यामुळे प्रवासवर्णने वाचतानाही माझे लक्ष निसर्गापेक्षा नळावर अधिक जाते. फँटम रँचचा बुजवलेला तलाव वाचनात आला तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा, की मुळात तो राखत कसे असतील?

पोहण्याचा तलाव म्हणजे एक यंत्रच असते. तेच पाणी पंपाने ओढायचे, वाळूच्या थरातून गाळायचे, त्यात क्लोरीन मिसळायचे आणि परत सोडायचे. हे चक्र थांबले की उन्हाळ्यात दोन दिवसांत पाण्याला हिरवी झाक येते. क्लोरीन उन्हाने उडते. घाम, अंगाचे तेल, गळलेली पाने हेही ते खाऊन टाकतात. बाष्पीभवनाने पाणी घटते, क्षार मात्र मागे राहतात. गाळणीची वाळू उलट्या प्रवाहाने धुवावी लागते आणि ते धुतलेले घाण पाणी सोडायचे कुठे, हा प्रश्न राष्ट्रीय उद्यानात साधा नसतो, कारण शेजारच्या ओढ्यात मासे असतात. शहरात या प्रत्येक अडचणीला दुकान असते. फँटम रँचला मात्र आजही सामान खेचरांच्या पाठीवरून उतरते.

तलाव राखण्याची दुसरी एक रीत आहे, आणि ती आपल्या जुन्या कुंडांना जवळची आहे. पाणी अडवायचेच नाही, वाहते ठेवायचे. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली उद्यानात फर्नेस क्रीक येथे असे तलाव आहेत. झऱ्याचे मुळातच कोमट असलेले पाणी एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूने जाते आणि पुढे झाडांना व हिरवळीला मिळते. अशा तलावाला औषध कमी लागते. पण त्यासाठी झरा तलावापेक्षा उंचावर हवा, बारमाही हवा आणि ते पाणी मागणारे दुसरे कोणी नको. ग्रँड कॅन्यनमध्ये या तीन अटींपैकी शेवटचीच सर्वांत अवघड ठरली.

तिथल्या पाण्याचे गणित समजून घ्यायचे तर दरीच्या दोन काठांपासून सुरुवात करावी लागते. उत्तर काठ सुमारे २,५०० मीटर उंच, तिथे बर्फ भरपूर पडतो. दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटर, तिथे पाऊसपाणी कमी. शिवाय खडकांचे थर किंचित दक्षिणेकडे कललेले आहेत. म्हणून उत्तर काठावरचे पाणी जमिनीखालून दरीकडे सरकते आणि दक्षिण काठावरचे दरीपासून दूर जाते. दोन्ही काठ चुनखडकाचे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात किल्ल्याच्या माथ्यावर टाके खोदले की ते वर्षभर पाणी धरते. चुनखडकाचे तसे नाही. पाणी त्याला विरघळवते, त्यात भोके पाडते, भुयारे करते. कैबाब पठारावर वितळलेले बर्फ अशा भोकांतून खाली जाते आणि जिथे न झिरपणारा मातकट खडक लागतो तिथे कड्यातून बाहेर फुटते. असाच एक मोठा झरा म्हणजे रोअरिंग स्प्रिंग्ज. पाणी कड्यातून धबधब्यासारखे गर्जत पडते, म्हणून हे नाव. तेच पाणी पुढे ब्राइट एंजल ओढ्याला मिळून फँटम रँचजवळ कोलोरॅडोत जाते.

अडचण अशी की पाणी आहे उत्तरेच्या कड्यात, आणि बहुतेक पर्यटक येतात दक्षिण काठावर. तिथे १९०१ साली रेल्वे पोहोचली, १९०५ साली एल टोव्हार हे मोठे हॉटेल उघडले. पाणी मात्र रेल्वेच्याच टाक्यांतून सुमारे १९० किलोमीटरवरून आणावे लागे. आगगाडीने आलेल्या पाण्याची किंमत माणसाला लवकर कळते. १९२६ साली तिथे सांडपाणी शुद्ध करून ते शौचकुपांना, झाडांना आणि इंजिनांच्या बॉयलरला वापरण्याची वेगळी नळव्यवस्था सुरू झाली. अमेरिकेतल्या अशा अगदी सुरुवातीच्या व्यवस्थांपैकी ती एक.

दक्षिण काठाच्या खाली, अर्ध्या उतारावर, एका झऱ्याकाठी हिरवळ आहे. हवासुपाई या मूलनिवासी लोकांची तिथे पिढ्यान् पिढ्या शेती होती. मका, घेवडा, भोपळे. उद्यान झाल्यावर त्यांना तिथून हलवण्यात आले. शेवटचा शेतकरी बिली बुरो १९२८ साली निघाला. पुढे १९३२ साली रेल्वे कंपनीने तिथेच पंप बसवून पाणी काठावर चढवायला सुरुवात केली. त्या जागेला इंडियन गार्डन म्हणत. २०२२ साली तिचे अधिकृत नाव हवासुपाई गार्डन्स झाले. पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात जिथे ‘उद्भव’ असा एक शब्द लिहिलेला असतो, तिथे आधी कोण पाणी भरत होते याची नोंद नसते. आपल्याकडेही नसते.

तोही झरा अपुरा पडला. मग १९६०च्या दशकात थेट रोअरिंग स्प्रिंग्जचेच पाणी दरी ओलांडून आणायचे ठरले. झऱ्यापासून ओढ्याच्या काठाने खाली, झुलत्या पुलावरून नदीपार, तिथून हवासुपाई गार्डन्सपर्यंत वर, अशी सुमारे २० किलोमीटरची ॲल्युमिनियमची नळी. काम बरेचसे झाले असताना डिसेंबर १९६६ मध्ये ओढ्याला महापूर आला आणि नळी उद्ध्वस्त झाली. पुन्हा काम करून १९७० साली पाणी सुरू झाले. नदीवरचा तो झुलता पूल या नळीसाठीच बांधलेला. चालणाऱ्यांना वाटते तो आपल्यासाठी आहे.

या योजनेतली हुशारी अशी की हवासुपाई गार्डन्सपर्यंत पंप लागत नाही. झरा त्या जागेपेक्षा उंचावर आहे, म्हणून पाणी दरीत उतरून गुरुत्वाकर्षणानेच पुन्हा चढते. पंपाने चढवायचे ते तिथून वर, सुमारे हजार मीटर. पण या हुशारीची किंमत तळाशी मोजावी लागते. हवासुपाई गार्डन्स नदीपेक्षा चारशे मीटर उंच आहे, म्हणजे नदीजवळच्या नळीत निदान चाळीस वातावरणांचा दाब असणार. आपल्या घरच्या नळाला तीन मिळाले तर आपण खूश असतो. त्यात ही नळी हलक्या धातूची, अरुंद दरीत वळणावळणांनी गेलेली, खडकात जेमतेम पुरलेली. वळणावर पाणी जोराने ढकलते, वाळूचे कण आतून घासतात, दरडी बाहेरून आदळतात. पन्नासएक वर्षांत धातू थकतो. २०१० नंतर ही नळी पंचाऐंशीहून अधिक वेळा फुटली आहे, आणि एकेका दुरुस्तीला पंचवीस हजार डॉलरहून अधिक खर्च येतो. सर्वांत जास्त फूट ‘द बॉक्स’ या चिंचोळ्या भागात होते. तिथे दोन्ही बाजूंनी काळे कडे, मध्ये ओढा, पायवाट आणि नळी, बस्स.

फुटलेली नळी दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण लेखांतून हा भाग नेहमी गाळला जातो. आधी दाब पडल्याचे कळते, किंवा एखादा पायी जाणारा कारंजे उडताना पाहतो. व्हॉल्व्ह बंद करून तो टप्पा रिकामा करतात. माणसे, अवजारे, नळीचे तुकडे हेलिकॉप्टरने उतरवतात. वारा असेल तर ते उडत नाही. खणून खराब तुकडा कापायचा, नवा जोडायचा. पण खरी परीक्षा त्यानंतर असते. रिकाम्या नळीत पाणी सोडले की उंचवट्यांवर हवा अडकते. ती एअर व्हॉल्व्हमधून सावकाश बाहेर काढावी लागते. घाई केली तर पाण्याचा लोंढा अडकलेल्या हवेवर किंवा बंद व्हॉल्व्हवर आदळतो आणि दाबाची एक लाट सबंध नळीभर धावते. जुनी नळी मग दुसऱ्याच जागी फुटते. म्हणून एक फूट दुरुस्त झाली की दुसरीची बातमी येते. आमच्याकडचे जुने व्हॉल्व्हमन चावी अर्धा फेरा फिरवून विडी ओढत बसत, मग पुन्हा अर्धा फेरा. नव्या अभियंत्यांना तो आळस वाटायचा.

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस अशीच लागोपाठ चार ठिकाणी नळी फुटली. ऐन सुट्टीच्या तोंडावर दक्षिण काठावरच्या हॉटेलांतले मुक्काम काही दिवस बंद करावे लागले. वर्षाला जवळजवळ पन्नास लाख माणसे येतात त्या ठिकाणी काठावरच्या साठवण टाक्या किती दिवस पुरतील, हा हिशेब सुरू झाला होता.

या व्यवस्थेत राहिलेल्या एका माणसाची गोष्ट मला फार आवडते. ब्रूस एकन हे चित्रकार १९७३ पासून तीन दशकांहून अधिक काळ रोअरिंग स्प्रिंग्जच्या पंपघरावर कामाला होते. तिथूनच उत्तर काठाला पाणी चढवले जाई. बायको मेरी आणि तीन मुले तिथेच, दरीत. मुले येणाऱ्या-जाणाऱ्यांना लिंबूसरबत विकत. पंपाची पाळी सांभाळून एकन दरीची चित्रे काढत, आणि आज ग्रँड कॅन्यनचे चित्रकार म्हणून त्यांचे नाव आहे. मला यात कलावंताच्या एकांताचे कौतुक नाही. पंप सतत चालू राहावा यासाठी कुणीतरी त्याच्या आवाजाच्या टप्प्यात झोपावे लागते. तीस वर्षे झोपलेल्या माणसाला बेअरिंगचा सूर बदललेला मोजमापाआधी कळतो. असा माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी दूरनियंत्रक यंत्र येते. ते वाईट नसते. पण ते लांबून पाहते, ऐकत नाही.

पाणी आणणे हा एक भाग, ते पिण्याजोगे करणे हा दुसरा. आमच्या गावयोजनांत ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, बादलीत कालवून टाकीत सोडतात. मोठ्या केंद्रांत क्लोरीन वायू नळकांड्यांत भरलेला असतो. तो जोमदार आणि नेमका, पण हवेपेक्षा जड. जुलै २०२५ मध्ये वीज पडून लागलेला वणवा उत्तर काठावर पसरला. तिथले ऐतिहासिक लॉज जळाले, आणि जलशुद्धीकरण केंद्रही जळून क्लोरीन वायू सुटला. जड वायू उतारावरून खाली जातो आणि खाली तर दरी. आतल्या पायवाटा रिकाम्या करण्यात आल्या. नदीतून तराफ्याने जाणाऱ्यांना फँटम रँचला न थांबता पुढे जा असे सांगण्यात आले. काठावर पाणी शुद्ध करण्यासाठी ठेवलेल्या वस्तूमुळे तळातल्या माणसांना पळावे लागले. दुर्गम जागी रसायन निवडताना त्याची ताकद नंतर पाहावी. ते सांडले तर कुठे जाईल, हे आधी पाहावे.

२०२३ पासून नव्या नळीचे काम सुरू आहे; खर्च सुमारे २० कोटी ८० लाख डॉलर. यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय नळी जाड करण्याचा नाही, ती तोडण्याचा आहे. पाणी आता झऱ्याजवळ न घेता खाली, फँटम रँचपाशी ब्राइट एंजल ओढ्यातून घ्यायचे. म्हणजे ‘द बॉक्स’मधला सतत फुटणारा टप्पा दक्षिण काठाच्या पुरवठ्यातून वगळला जाईल आणि तेवढे पाणी ओढ्यात वाहत राहील. त्याची भरपाई दुसरीकडे करावी लागते. झऱ्याचे पाणी एरवी स्वच्छ, बर्फ वितळताना किंवा वादळानंतर गढूळ. ओढ्याचे पाणी त्याहून अधिक गाळ आणते, त्यात माणसे उतरतात, जनावरे पितात. म्हणून पूर्ण गाळणीचे शुद्धीकरण केंद्र बांधावे लागते, गुरुत्वाकर्षणाने फुकट मिळालेली चढाई गमावून पंपांची वीज वाढवावी लागते. वीजबिल पाहणारे नाक मुरडतील. मला मात्र हा सौदा योग्य वाटतो. पंप बिघडला तर तिथे शिडी लावता येते, झडप बदलता येते, सुटा भाग शेल्फावर ठेवता येतो. ‘द बॉक्स’च्या कड्याला शिडी लागत नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले आता तिकडे आहेत, आणि भेटीत एक फेरी कॅन्यनची ठरलेली असते. दरीत चार पावले उतरणार असाल तर पायवाटेवरचे नळ सगळे सारखे नसतात हे ध्यानात ठेवावे. काही नळ हिवाळ्यात नळी गोठू नये म्हणून मुद्दाम बंद ठेवतात आणि नळी फुटली की उन्हाळ्यातही कोरडे पडतात. कोणता नळ चालू आहे याची पाटी उतरण्याच्या आधीच लागते. ती वाचावी, आणि तरीही दोन लिटर पाणी आपल्या पिशवीतच न्यावे.